उसण, गाठ आणि कोरडी सुई

आमच्या गावी पाठीत उसण भरली की औषधाआधी पायाळू माणसाची आठवण होत असे. जन्माला येताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या आळीतले पायाळू म्हणजे एक शिंपीकाका होते. आजी ओसरीवर पालथी झोपत असे. वयाने मोठ्या बाईला पाय लावायचा म्हणून काका आधी तिला नमस्कार करीत, मग टाचेने पाठीवरची जागा हलकेच दाबीत, आणि थोड्या वेळाने आजी उठून त्यांच्यासाठी चहा टाकायला आत जात असे. शहरात शिकायला आल्यावर ही गोष्ट मी मित्रांना हसवण्यासाठी सांगत असे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी स्वतः पालथा पडलो होतो आणि एक तरुण डॉक्टर माझ्या खांद्यावरची जागा बोटांनी चाचपत होत्या, तेव्हा मला ती ओसरी आठवली. त्यांच्या हातात सुई होती.

मी मुद्रितशोधक आहे. गेली २६ वर्षे रोज सहा-सात तास मान खाली घालून ऱ्हस्व-दीर्घ पाहणे, अनुस्वार तपासणे आणि सुटलेले काने-मात्रे शोधणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. निम्मे काम आता संगणकावर होत असले, तरी पुस्तकाची शेवटची प्रुफे मी कागदावरच वाचतो, कारण पडद्यावर निसटलेली चूक मला कागदावर हमखास सापडते. या कामाने डोळे जातात असे लोकांना वाटते. माझे डोळे शाबूत राहिले, खांदा गेला. मान आणि खांदा जिथे मिळतात त्या उतारावर उजवीकडे एक ओढ कायमची मुक्कामाला आली होती, आणि दिवाळी अंकांची प्रुफे येऊ लागली की तिच्या जोडीला डोकेदुखी सुरू होत असे. ही डोकेदुखी कानामागून वर चढायची आणि कमानीसारखी वळून उजव्या कानशिलावर येऊन ठणकत बसायची.

कानशील दुखते म्हणजे दुखणे डोक्याचे, असे मी धरून चाललो आणि त्यात दोन वर्षे घालवली. आधी चष्म्याचा नंबर तपासून झाला. मग अर्धशिशीचा संशय आला, तिच्या गोळ्या झाल्या. त्यानंतर मानेचा एक्स-रे काढला आणि त्यात मणक्यांची झीज दिसली. पन्नाशीच्या माणसाच्या मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसणे हे त्याच्या डोक्यावर पांढरे केस दिसण्याइतकेच स्वाभाविक आहे आणि मुळीच न दुखणाऱ्या मानांतही ती सर्रास आढळते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. ‘स्पॉन्डिलायटिस’ हा शब्द मिळाला, गळ्यात पट्टा आला, आणि पट्टा घालून प्रुफे वाचता येत नाहीत म्हणून तो आठवडाभरात कपाटात गेला.

फिजिओथेरपिस्टकडे मी गेलो तो अखेरचा उपाय म्हणून. त्यांनी पहिला अर्धा तास सुईचे नावही काढले नाही. हाताला मुंग्या येतात का, बोटे बधिर होतात का, वस्तू हातातून सुटतात का, रात्री झोपेतून उठवील असे दुखते का, वजन घटले आहे का, ताप येतो का, हे सगळे विचारून झाले. दोन्ही हातांची पकड तपासली, कोपरावर आणि मनगटावर छोट्या हातोडीने ठोकून पाहिले. नस दबलेली नाही आणि मणक्याचा गंभीर आजार नाही, एवढी खात्री झाल्यावर त्यांनी मानेच्या उतारावरचा स्नायू, कणीक चिमटीत धरावी तसा, अंगठा आणि दोन बोटांत उचलून धरला आणि बोटे पुढे-मागे सरकवू लागल्या. एका जागी त्यांची बोटे थांबली. त्यांनी दाब दिला आणि माझ्या कानशिलावर तीच ओळखीची कळ उठली. दाब खांद्यावर होता आणि दुखत कानशिलावर होते. ‘‘हेच का तुमचं रोजचं दुखणं?’’ त्यांनी विचारले. मी मान हलवण्याऐवजी हात वर केला, कारण मान त्यांच्या ताब्यात होती.

दुखणे एकीकडे आणि दुखण्याचे मूळ दुसरीकडे, ही गोष्ट वैद्यकात चांगलीच जुनी आहे. १९३८ साली लंडनमध्ये जे. एच. केल्ग्रेन यांनी स्वतःच्या आणि स्वेच्छेने तयार झालेल्या निरोगी माणसांच्या स्नायूंत मिठाचे तीव्र पाणी टोचून ते कुठे दुखते याची नोंद केली होती. टोचले तिथून बरेच दूर दुखत होते, आणि प्रत्येक स्नायूची दुखण्याची जागा बऱ्याच अंशी ठरलेली होती. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरांनी हेच काम आयुष्यभर चालवले. केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या, त्यांना झुलत्या खुर्चीत बसण्याचा सल्ला देणाऱ्या आणि १९६१ साली अमेरिकी अध्यक्षांच्या व्यक्तिगत डॉक्टर झालेल्या पहिल्या स्त्री त्या याच. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ मध्ये त्यांनी स्नायूंच्या दुखण्याचा जो ग्रंथ काढला, त्यात एकेका स्नायूचे चित्र आहे आणि त्याचे दुखणे कुठे उमटते ते रंगवून दाखवले आहे. ट्रॅपिझियस हा स्नायू मानेच्या मागच्या बाजूने निघून खांद्यावर आणि पाठीच्या मध्यापर्यंत पसरतो. त्याच्या वरच्या भागाचे चित्र माझ्या डॉक्टरांनी मला दाखवले, तेव्हा त्यात कानामागून कानशिलापर्यंत वळलेले, प्रश्नचिन्हासारखे एक लाल वळण होते. दोन वर्षे मी त्या प्रश्नचिन्हाचे उत्तर त्याच्या वरच्या टोकाला शोधत होतो.

इतर स्नायूंचीही अशीच गाऱ्हाणी आहेत. खांद्याच्या फऱ्यावरचा इन्फ्रास्पायनेटस बिघडला, तर दुखतो खांद्याचा पुढचा भाग आणि दंड. नितंबातला ग्लुटियस मिनिमस बिघडला, तर मांडीच्या बाहेरच्या अंगाने खाली पोटरीपर्यंत कळ जाते, आणि माणूस सायटिका झाली म्हणून एमआरआयच्या रांगेत उभा राहतो.

चिमटीत सापडलेल्या त्या जागेला इंग्रजीत ट्रिगर पॉइंट म्हणतात. दवाखान्यात तिला सरसकट ‘गाठ’ म्हटले जाते, आणि माझ्यातल्या मुद्रितशोधकाला या शब्दाबद्दल तक्रार आहे. मराठी माणसाला डॉक्टरच्या तोंडून ‘गाठ’ ऐकू आली की तो पुढचे काही ऐकत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे टाटा रुग्णालय उभे राहते. माझ्या डॉक्टरांनी ‘ताठलेली दोरी’ असा शब्द वापरला आणि तो मला पटला. स्नायूचे तंतू एकमेकांना समांतर, सुताच्या लडीसारखे असतात. त्यांतला एखादा जुडगा आखडून दोरीसारखा ताठ होतो आणि त्या दोरीवर एखादी जागा विलक्षण हुळहुळी असते. काथ्याच्या बाजेवर झोपलेल्या माणसाला एखादीच आवळलेली दोरी टोचावी, तसे ते बोटांना लागते.

सुईचा विषय निघाला तो दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत त्यांनी हाताने दाब दिला, शेक दिला, दोन व्यायाम सांगितले. त्याने थोडे हलके वाटले, पण कानशील काही सुटले नाही. तेव्हा त्यांनी ‘ड्राय नीडलिंग’ म्हणजे काय ते समजावले आणि संमतीचा कागद पुढे केला. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, कोणत्या धातूची ॲलर्जी आहे का, सुई पाहून पूर्वी कधी चक्कर आली आहे का, आणि सकाळी नाश्ता झाला आहे का, असे प्रश्न त्यात होते. रिकाम्या पोटी सुई लावत नाहीत, कारण घाबरलेला आणि उपाशी माणूस टेबलावरच घेरी येऊन पडू शकतो. कागदावर छापलेल्या मराठीत सात चुका होत्या. त्या मी सुधारून दिल्या आणि खाली सही केली.

‘ड्राय’ या विशेषणाने मला बरेच दिवस छळले. कोरडा खोकला, कोरडी भाकरी, कोरडी सहानुभूती यांत काहीतरी कमी असल्याची भावना असते. इथेही तोच अर्थ आहे: सुई आहे, पण तिच्यातून आत काही जात नाही. ट्रॅव्हेल यांच्या काळात अशा जागी बधिर करणारे प्रोकेन टोचीत असत आणि गुण आला की श्रेय औषधाला मिळत असे. १९७९ मध्ये प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी प्रश्न उलटा विचारला: औषध वगळून नुसती सुई टोचली तर? त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर नुसती सुई वापरली आणि त्यांपैकी ८६.८ टक्के वेळा, सुई नेमकी त्या जागी लागली की, दुखणे जागच्या जागी शमले. हा आकडा सुईच्या जाहिरातींत कधीमधी वाचायला मिळतो. त्याच निबंधातला दुसरा हिशेब मात्र जाहिरातीत येत नाही. पुढे ज्या २८८ जागांचा मागोवा घेतला गेला, त्यांपैकी ९२ जागांना कायमचा आराम पडला, ५८ जागांना काही महिने, ६३ जागांना काही आठवडे आणि ३२ जागांना जेमतेम काही दिवस. शिवाय तुलनेसाठी सुई न लावलेल्या रुग्णांचा दुसरा गट या अभ्यासात नव्हता, त्यामुळे यातला किती गुण सुईचा आणि किती काळाचा, हे त्यावरून ठरवता येत नाही. तरी मला हा दुसरा हिशेब पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. माझ्या खांद्याच्या वाट्याला यातला कोणता गट येणार हे कोणालाच आधी सांगता येत नाही, एवढे तरी तो प्रामाणिकपणे सांगतो.

आता प्रत्यक्ष सुईकडे येतो, कारण मला विचारणारे सगळे तिथेच अडखळतात. ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव, लवचीक, पोलादाची असते. माझ्यासाठी वापरलेली ०.३० मिलिमीटर जाडीची आणि ४० मिलिमीटर लांबीची होती, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढतात त्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. पोकळ सुईचे टोक तिरके कापलेले असते आणि ते कातडी कापत आत शिरते. हिचे टोक गोल निमुळते असल्याने ती तंतू बाजूला सारत जाते. प्रत्येक सुई वेगळ्या निर्जंतुक पाकिटातून, एका प्लास्टिकच्या नळीसकट निघते. नळी कातडीवर टेकवायची, तिच्या वर किंचित डोकावणाऱ्या सुईच्या मुठीवर बोटाने टिचकी मारायची, आणि सुई कातडीतून पार होते. हे मला कळलेसुद्धा नाही. मी ‘‘चालू करा’’ म्हणालो, तेव्हा ती टोचून झालेली होती.

जे कळते ते त्यानंतरचे. डॉक्टर सुई थोडी वर-खाली करीत तो ताठ जुडगा शोधतात, आणि सुई नेमकी त्या हुळहुळ्या जागी लागली की स्नायू स्वतःहून एकदा झटकन उडतो. आपण उडवत नाही, आपल्याला थांबवताही येत नाही. जाळ्यातून काढताना मासळी हातात तडफडते तसे काहीतरी खांद्याच्या आत तडफडले आणि लगेच विझले. त्याबरोबर एक जड, बोथट, पसरत जाणारी वेदना कानशिलापर्यंत गेली. ही वेदना टोचल्याची नव्हती, ती माझीच जुनी डोकेदुखी होती. कोणीतरी तिला नावाने हाक मारली आणि ती ओ देत बाहेर आली, असे मला वाटले. असे झटके त्या दिवशी चार आले आणि पाचव्यांदा स्नायू उडालाच नाही. एवढ्याला सात-आठ मिनिटे लागली असतील. मी उठून बसलो, मान डावीकडे वळवली आणि खिडकीबाहेरच्या रिक्षा मला खांदा न वळवता दिसल्या.

स्नायूच्या या झटक्याला बरेच महत्त्व दिले जाते. १९९४ मध्ये हाँग यांनी याच वरच्या ट्रॅपिझियसवर एका गटाला बधिर करणारे औषध टोचले आणि दुसऱ्या गटाला नुसती सुई. झटका आलेल्या रुग्णांना दोन्ही गटांत आराम पडला. झटका न आलेल्यांना दोन्ही गटांत फारसा पडला नाही. नुसत्या सुईनंतरचा ठणका मात्र अधिक होता, आणि त्याला माझी साक्ष आहे. त्या संध्याकाळी खांदा कोणीतरी मुसळाने कांडल्यासारखा दुखत होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच राहिला. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले नसते, तर मी बिघडले असेच समजलो असतो.

आत नेमके काय घडते याची एक सुटसुटीत कहाणी दवाखान्यांत सांगितली जाते. नस स्नायूला जिथे मिळते तिथे ॲसिटिलकोलीन, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणारे द्रव्य, गरजेपेक्षा जास्त पाझरते, त्यामुळे तंतूचा छोटा तुकडा आखडलेलाच राहतो. आखडलेला तुकडा आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या दाबतो, प्राणवायू कमी पडतो, आणि आखडलेले सोडवायलाही शक्ती लागते ती मिळत नाही, असे हे दुष्टचक्र सुई तोडते. या कहाणीला काही आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास अतिशय बारीक सुईवाटे अशा जागांतील द्रवाचे सूक्ष्म नमुने घेतले, तेव्हा तिथे आम्लता वाढलेली होती आणि वेदनेशी व दाहाशी संबंधित द्रव्ये निरोगी स्नायूपेक्षा अधिक होती. म्हणजे तिथे काहीतरी आहे हे खरे.

पण या कहाणीला विरोधकही तितकेच जाणते आहेत. क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी २०१५ मध्ये संधिवातशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात ट्रिगर पॉइंटची सगळी कल्पनाच मोडीत काढली. त्यांचा एक मुद्दा मला फार बोचतो: एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे चाचपले, तर त्या दोघांची बोटे एकाच जागी थांबतील याचा भरवसा नाही. मुद्रितशोधनात असे झाले, म्हणजे दोघांनी एकच पान वाचून वेगवेगळ्या जागी चुका दाखवल्या, तर आम्ही दोघांनाही कामावरून काढू. स्नायूत दोष नसून दुखण्याचा मामला नसांचा आणि मेंदूचा आहे, असे या मंडळींचे म्हणणे आहे. सुईच्या टोचणीने मणक्यातली वेदनेची वाट काही काळ बंद होते, शरीर आपली नैसर्गिक वेदनाशामके सोडते, आणि ‘आता बरे वाटणार’ ही अपेक्षा स्वतःचे काम करते, अशी कारणे त्या दिशेने दिली जातात. चाचण्यांचीही एक अडचण आहे. गोळीच्या चाचणीत खडूची खोटी गोळी देता येते. सुई लागली की नाही हे रुग्णाला कळते, त्यामुळे खोटी सुई बनवणे अवघड जाते.

मग गुण येतो का? फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या नीडलिंगच्या चाचण्यांचा २०१७ साली जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की उपचारानंतर लगेच आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत काहीच न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा दुखणे कमी होते, पण हा पुरावा कमी ते मध्यम प्रतीचा आहे. त्याहून लांबच्या पल्ल्याचे पक्के काही सांगता येत नाही. माझ्या डॉक्टरांना मी हे सगळे वाचून दाखवले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. ‘‘काका, सुईनं तुम्हाला तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत तुम्ही काय करता, ते मला महत्त्वाचं,’’ असे म्हणून त्यांनी रबराचा एक लांब पट्टा माझ्या हातात दिला.

त्या तीन दिवसांत मी जे केले ते कंटाळवाणे होते आणि माझ्या मते खरा उपचार तोच होता. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्यायची आणि पाच अंक मोजेपर्यंत धरून ठेवायची. पट्टा दोन्ही हातांत ताणून दोन्ही फरे एकमेकांकडे आणायचे. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे झोकायची. दोन आठवड्यांनंतर दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या हातांत धरून खांदे कानांकडे उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे. माझी समजूत अशी होती की आखडलेल्या स्नायूला विश्रांती हवी. प्रत्यक्षात तो अशक्त होता आणि दिवसभर पाच किलोचे डोके पुढे झुकवून धरण्याचे काम त्याच्या ताकदीबाहेरचे होते. दुखत असताना यातला एकही व्यायाम मला धडपणे करता आला नव्हता. सुईनंतर करता आला. सुईचा माझ्यापुरता उपयोग म्हणाल तर एवढा आणि एवढाच, पण तो मी लहान मानत नाही.

ही शहाणीव मला फुकट मिळालेली नाही. याच डॉक्टरांकडे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेलो होतो. तिथे मला हातही न लावता दहा सिटिंगचे पॅकेज सांगण्यात आले, आगाऊ पैसे भरल्यास एक सिटिंग मोफत, आणि सुई कोण लावणार असे विचारल्यावर ‘‘आमचा मुलगा लावतो, त्याचा हात हलका आहे’’ असे उत्तर मिळाले. फिजिओथेरपीची पदवी काही वर्षांच्या अभ्यासाची असते, पण नीडलिंग शिकवणारे वर्ग दोन-तीन दिवसांचेही असतात, आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून ते कोणत्या शिक्षणाचे आहे हे आपल्याला कळत नाही. समोरच्या व्यक्तीची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चिडून उत्तर मिळाले तर तेही उत्तरच आहे.

या संकोचाची किंमत फुफ्फुसाला मोजावी लागू शकते. मानेच्या उताराखाली आणि फऱ्याच्या आतल्या कडेला स्नायूचा थर पातळ असतो, आणि त्याच्या खालीच फुफ्फुसाचे आवरण असते. फुफ्फुसाचा शेंडा तर गळपट्टीच्या हाडाच्याही थोडा वर येतो. सुई चुकीच्या दिशेने खोल गेली तर त्या आवरणाला छिद्र पडून छातीत हवा भरते आणि फुफ्फुस आकसते. म्हणूनच माझ्या डॉक्टरांनी स्नायू चिमटीत उचलून छातीपासून दूर धरला होता आणि सुई चिमटीतल्या बोटाच्या दिशेने नेली होती. ती पकड मला आधी नुसती तपासणीची वाटली होती. उपचारानंतर, काही तासांनीही, धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी मला दोनदा बजावले आणि माझ्या पत्नीला फोन करून तिसऱ्यांदा सांगितले.

असे किती वेळा घडते? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३९ फिजिओथेरपिस्टांनी ७,६२९ उपचारांची नोंद ठेवली. त्यात काळेनिळे पडणे ७.५५ टक्के आणि रक्ताचा थेंब येणे ४.६५ टक्के असे किरकोळ त्रास होते आणि गंभीर प्रकार एकही नव्हता. २०२० मधील अमेरिकेच्या त्याहून मोठ्या पाहणीत मात्र वीस हजारांहून अधिक उपचारांमध्ये २० गंभीर प्रकार घडले, म्हणजे साधारण हजारात एक. प्रशिक्षित लोकांच्या हातचे हे आकडे आहेत. हलका हात असलेल्या मुलाचे आकडे कोणी ठेवत नाही.

ॲक्युपंक्चर आणि हे एकच का, असे पुष्कळ जण विचारतात. सुई एकच, नकाशे वेगळे. तिथे ऊर्जेच्या वाहिन्यांवरचे ठरलेले बिंदू असतात. इथे शरीररचनाशास्त्रातला स्नायू आणि त्यात बोटांना लागलेली जागा पाहिली जाते. ॲक्युपंक्चरवाले म्हणतात की आमची सुई उचलून तुम्ही तिला नवे नाव दिले, आणि त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. आयुर्वेदातल्या विद्धकर्माबद्दल, म्हणजे तिथल्या सुई टोचण्याच्या उपचाराबद्दलही मला विचारले गेले. तो उपचार मी घेतलेला नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

पाच आठवड्यांत मला चार वेळा सुई लावली गेली. दुसऱ्या खेपेला तीन झटके आले, तिसऱ्या खेपेला एक. मधल्या काळात डोकेदुखी पूर्ण गेली असे नाही. एका कादंबरीची ४०० पाने चार दिवसांत द्यायची होती, तेव्हा ती पुन्हा कानशिलावर येऊन बसली, पण तिचा मुक्काम पूर्वीसारखा आठवडाभराचा नव्हता, एका रात्रीचा होता. सहाव्या भेटीत डॉक्टरांनी स्नायू चिमटीत धरला, बोटे पुढे-मागे फिरवली, दाब दिला. खांदा दुखला, कानशील गप्प राहिले. ‘‘आज सुई नको,’’ त्या म्हणाल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण माझी थोडी निराशा झाली. तो झटका येऊन विझण्याची मला सवय लागली होती.

त्यांनी वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा, टणक प्लास्टिकचा डबा टेबलाखाली असतो. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. त्यावर धोक्याची सूचना मराठीत छापलेली होती आणि ‘तीक्ष्ण’मधली वेलांटी पहिली होती. मी खिशातून लाल पेन काढले. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘काका, मान खाली न घालता.’’ मग मी डबा उचलून डोळ्यांच्या रेषेत धरला आणि वेलांटी दुसरी केली. घरी आता वडिलांचे जमाखर्चाचे उतरते मेज माळ्यावरून खाली काढले आहे, आणि प्रुफे त्याच्यावर ठेवून वाचतो.